दारिद्र्य, भाकरी आणि शाळा : महाराष्ट्रातील वसतिगृह चळवळीचा ऐतिहासिक अभ्यास (१८८२ ते १९५९)

प्रस्तावना

दारिद्र्य हा शिक्षणप्रसाराच्या मार्गातील मोठा अडसर आहे, हे विधान शिक्षणाच्या इतिहासात इतक्या वेळा येते की त्याचा नेमका अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा भासत नाही. गरीब कुटुंबातील मूल शाळेत येत नाही किंवा आले तर टिकत नाही, हे खरेच आहे. परंतु ते नेमके कशामुळे येत नाही? फी परवडत नाही म्हणून, पुस्तके घेता येत नाहीत म्हणून, शाळेच्या गावी राहण्याजेवण्याची सोय नाही म्हणून, की त्याच्या हातांवाचून घरचे काम अडते म्हणून? ही कारणे एकमेकांत गुंतलेली असली तरी एकच नाहीत. त्यामुळे त्यांवरचे उपायही एकच असू शकत नाहीत.

प्रस्तुत शोधनिबंधात शिक्षणाच्या खर्चाचे तीन भाग मानले आहेत. पहिला, फी व पुस्तके यांचा प्रत्यक्ष खर्च. दुसरा, शिकत असताना विद्यार्थ्याच्या निर्वाहाचा, म्हणजे अन्नाचा व निवाऱ्याचा खर्च. तिसरा, मूल शाळेत गेल्यामुळे कुटुंब ज्या श्रमाला मुकते त्याची किंमत. शासनाचे धोरण दीर्घकाळ मुख्यतः पहिल्या भागाभोवती फिरत राहिले. महात्मा जोतीराव फुले, राजर्षी शाहू महाराज आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारात व कार्यात मात्र दुसरा आणि तिसरा भाग ठळकपणे पुढे आला. महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास हा शाळांच्या इतिहासाइतकाच वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांचा इतिहास आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

वार आणि माधुकरी : अन्नाची जुनी व्यवस्था

गरीब विद्यार्थ्याच्या पोटाची सोय समाजाने करावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. वार लावून जेवणे आणि माधुकरी मागणे या दोन प्रथा येथे दीर्घकाळ रूढ होत्या. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवायची आणि ज्या दिवशी ज्या घरी वार असेल तेथे जेवायचे, ही पहिली पद्धत. काही घरांतून शिजवलेले अन्न मागून आणायचे आणि त्यावर दिवस काढायचा, ही दुसरी. वेदपाठशाळेतील विद्यार्थ्यांसाठी रूढ असलेल्या या प्रथा इंग्रजी शाळा सुरू झाल्यावरही टिकल्या. कोकणातून किंवा देशावरील खेड्यातून रिकाम्या हाताने पुण्यात आलेला मुलगा याच आधारावर मॅट्रिकपर्यंत आणि पुढे पदवीपर्यंत जाऊ शकत असे. इ.स. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा प्रारंभही माधुकरीच्याच आधारे झाला.

या प्रथांमागे राजाश्रयाचीही परंपरा होती. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. त्या दक्षिणेच्या निधीतूनच कंपनी सरकारने इ.स. १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा सुरू केली. म्हणजे विद्यार्जन करणाऱ्याचे पोट समाजाने किंवा राज्याने भरावे, हे तत्त्व मान्य होते. प्रश्न होता तो हा की हे तत्त्व कोणाला लागू होते.

वार आणि माधुकरी या प्रथा सोवळ्याओवळ्याच्या चौकटीत बसलेल्या होत्या. कुणब्याच्या, माळ्याच्या किंवा धनगराच्या मुलाला त्यांचा उपयोग नव्हता आणि महार-मांगाच्या मुलासाठी तर त्या घरांची दारेच बंद होती. यामुळे एक महत्त्वाचा ऐतिहासिक फरक निर्माण झाला. एकोणिसाव्या शतकात निर्धन ब्राह्मण विद्यार्थी आणि निर्धन कुणबी विद्यार्थी यांच्या घरचे दारिद्र्य कदाचित सारखेच असेल, पण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी पोहोचल्यावर पहिल्याला जेवायला घर मिळत असे, दुसऱ्याला मिळत नसे. माधुकरीवर शिकणाऱ्यांचे हालही थोडे नव्हते आणि त्यांच्या कष्टांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शिक्षणातील विषमता केवळ आवडीनिवडीतून किंवा बौद्धिक परंपरेतून आली, असे म्हणणाऱ्यांनी या अन्नव्यवस्थेचा विचार केला पाहिजे. दारिद्र्य सर्वांचे असू शकते, पण दारिद्र्यातून वाट काढण्याची साधने जातीनुसार वाटलेली होती.

हंटर आयोगापुढील निवेदन

इ.स. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणाची जबाबदारी सरकारने तत्त्वतः स्वीकारली. पुढे १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवण्यात आली आणि तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. खेड्यांतील शाळांना यातून आधार मिळाला. मात्र ही पट्टी ज्या शेतकऱ्याकडून वसूल होत असे, त्याची मुले शाळेत अभावानेच दिसत.

लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत इ.स. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमण्यात आला. त्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर केलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी ही विसंगती नेमकेपणाने मांडली. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गाला मिळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी केली.

या निवेदनाची चर्चा बहुधा सक्तीच्या शिक्षणाची पहिली मागणी म्हणून होते आणि ते योग्यही आहे. परंतु दारिद्र्याच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील आणखी एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे. खेड्यांतील शेतकरी वर्ग शाळेपासून दूर का राहतो, याची दोन कारणे फुले देतात. एक म्हणजे आत्यंतिक दारिद्र्य आणि दुसरे म्हणजे गुरे राखण्यासाठी व शेताची देखभाल करण्यासाठी त्यांना मुलांची असलेली गरज. म्हणून केवळ शाळांची संख्या वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे यांच्या रूपाने खास उत्तेजन द्यावे लागेल, असे ते सांगतात. निकालावर आधारित अनुदानाची पद्धत दरिद्री व अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवण्यास निरुपयोगी आहे आणि स्पर्धेवर आधारलेल्या शिष्यवृत्त्या ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांच्याच हाती पडतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

येथे फुले यांनी दारिद्र्याची व्याख्याच बदलली आहे. शेतकऱ्याचे मूल हे घरातील खाणारे तोंड असते, तसेच ते राबणारे हातही असते. पाखरे हाकणे, गुरे वळणे, शेण वेचणे, धाकट्या भावंडाला खांद्यावर घेऊन हिंडणे ही कामे त्या मुलावाचून अडतात. शाळा त्या कुटुंबाकडून फीच्या चार आण्यांपेक्षा कितीतरी मोठी किंमत मागत असते. हे ज्ञान फुले यांना पुस्तकातून मिळालेले नव्हते. इ.स. १८५५ मध्ये त्यांनी शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली होती आणि इ.स. १८७७ च्या दुष्काळात पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला होता. रात्रशाळा ही श्रमाच्या वेळेला दिलेली मान्यता होती आणि बालाश्रम ही भुकेला दिलेली. आयोगाला सादर केलेल्या निवेदनामागे हा अनुभव उभा होता.

सक्तीचा कायदा आणि त्याची मर्यादा

सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा विचार पुढील काळात दोन मार्गांनी पुढे गेला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी इ.स. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून इ.स. १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांपेक्षा अधिक नाही त्याच्या मुलाला फी माफ असावी, अशी तरतूद त्यात होती. मार्च १९१२ मध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी इ.स. १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मार्च १९१८ मध्ये करवीर तालुक्यातील चिखली येथे पहिल्या शाळेने त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. त्या काळी शेतमजुराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती.

सक्तीच्या तत्त्वात एक अंगभूत अडचण आहे. फी माफ केल्याने पहिला खर्च नाहीसा होतो आणि दंडाच्या भयाने पालक मुलाचे श्रम सोडून देतो, परंतु त्या श्रमाची भरपाई त्याला कोणी देत नाही. निर्वाहाचा प्रश्न सुटल्याखेरीज केलेली सक्ती ही सर्वांत गरीब पालकालाच सर्वांत जड जाते. शाहू महाराजांच्या कार्याचे वेगळेपण असे की कायदा करण्याच्या सोळा वर्षे आधीपासून ते निर्वाहाच्या प्रश्नाला हात घालून बसले होते.

कोल्हापूरची वसतिगृहे

खेड्यातील चौथीपर्यंतची शाळा संपली की पुढील शिक्षणासाठी मुलाला शहरात यावे लागे आणि तेथे त्याच्या जेवणाचा प्रश्न उभा राही. वार-माधुकरीची व्यवस्था ज्यांना लागू नव्हती, त्या समाजांच्या मुलांचे शिक्षण या ठिकाणी थांबत असे. इ.स. १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजाराम महाविद्यालयाशी संलग्न वसतिगृह निघाले, परंतु प्रत्यक्षात त्याचा लाभ प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच मिळत गेला. सर्वांसाठी खुले असलेले दार सर्वांना सारखेच उपयोगी पडते असे नाही, हा धडा या अनुभवातून मिळाला.

त्यानंतर शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहांचा मार्ग स्वीकारला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी, इ.स. १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी आणि इ.स. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. लिंगायत, शिंपी, सोनार आदी समाजांची वसतिगृहेही क्रमाने उभी राहिली. महाराजांनी या संस्थांना जागा, इमारती आणि उत्पन्नाची साधने दिली. संस्थानाबाहेरील वसतिगृहांनाही त्यांनी मदत केली.

जातवार वसतिगृहांवर त्या काळीही टीका झाली आणि आजही होते. जाती मोडायच्या असतील तर जातीनिहाय स्वयंपाकघरे कशाला, हा आक्षेप तर्कदृष्ट्या बिनतोड वाटतो. परंतु प्रत्येक समाजातील सुस्थित लोकांनी आपल्या समाजाच्या गरीब मुलांची जबाबदारी घ्यावी, यासाठी त्या घडीला हाच मार्ग व्यवहार्य होता. ब्राह्मण समाजाला परंपरेने जी अन्नव्यवस्था मिळाली होती, तिला समांतर अशी व्यवस्था अन्य समाजांसाठी राज्याच्या आधाराने निर्माण करणे, असे या धोरणाचे ऐतिहासिक स्वरूप सांगता येईल. मात्र त्यातील मर्यादाही लवकरच उघड झाली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असलेल्या भाऊराव पाटील यांना, मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेल्याबद्दल व परतल्यावर स्नान करण्यास नकार दिल्याबद्दल बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. एकाच शहरातील दोन वसतिगृहांमध्येही एवढे अंतर होते.

याच काळात अस्पृश्य समाजाच्या शिक्षणासाठी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी इ.स. १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महाविद्यालयीन शिक्षण सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर झाले होते. इ.स. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी या सभेच्या वतीने सोलापूर येथे वसतिगृह सुरू झाले. सभेच्या आरंभीच्या कार्यातच वसतिगृहाला स्थान मिळाले, ही बाब या निबंधाच्या प्रतिपादनाला पुष्टी देणारी आहे.

कमवा आणि शिका

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. सत्यशोधक चळवळीच्या संस्कारात वाढलेल्या भाऊरावांनी ओगले काच कारखान्याच्या कंदिलांचे व किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी भ्रमंती केली. या भ्रमंतीत खेड्यातील कुटुंबाचा जमाखर्च त्यांनी जवळून पाहिला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. इ.स. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांनी त्यास भेट दिली आणि ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे त्याचे नामकरण झाले. शाहू महाराजांच्या जातवार वसतिगृहांचा वारसा एकत्र पंगतीत परिणत झाला, असा या नामकरणाचा अर्थ लावता येतो.

या वसतिगृहाची आर्थिक घडी समजून घेणे आवश्यक आहे. येणाऱ्या मुलाजवळ पैसे नव्हते. समाजातील श्रीमंतांच्या देणग्या अनिश्चित होत्या. वसतिगृह चालवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. परंतु एका स्त्रीच्या त्यागावर संस्था फार काळ चालत नाही, हे भाऊरावांना ठाऊक होते. मुलाजवळ पैसा नसला तरी श्रमाची शक्ती होती. साताऱ्यातील धनिणीच्या बागेत व संस्थेला मिळालेल्या जमिनींवर मुले खोदकाम करीत, भाजीपाला पिकवीत, दळण दळीत आणि स्वयंपाकही करीत. गावोगावचे लोक सुगीत धान्य देत. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद ठरले. इ.स. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर चालणारे ते मोफत व निवासी विद्यालय होते. त्याआधी इ.स. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस आणि इ.स. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय सुरू झाले होते. इ.स. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाल्यावर हाच मार्ग उच्च शिक्षणापर्यंत पोहोचला.

माधुकरी आणि ‘कमवा आणि शिका’ यांची तुलना केल्यास दोहोंतील मूलभूत फरक ध्यानात येतो. दोन्ही व्यवस्था निर्धन विद्यार्थ्याच्या अन्नाची सोय करतात. पहिलीत विद्यार्थी दात्याच्या दारी उभा असतो आणि त्याची जात हीच त्याची पात्रता असते. दुसरीत तो स्वतःच्या श्रमाचे खातो आणि जातीचा प्रश्न पंगतीत उरत नाही. ज्या श्रमामुळे शेतकऱ्याचे मूल शाळेपासून दूर राहत होते, तोच श्रम शाळेत टिकण्याचे साधन झाला. फुले यांनी इ.स. १८८२ मध्ये ओळखलेल्या अडचणीला दिलेले हे संस्थात्मक उत्तर होते.

तथापि या उत्तराची मर्यादाही नोंदवली पाहिजे. वसतिगृहातील श्रमातून मुलाचा स्वतःचा निर्वाह होत असे, पण त्याच्या घराने गमावलेला हात घराला परत मिळत नसे. त्यामुळे ज्या घरात एक मुलगा मोकळा करण्याइतकी माणसे होती, त्याच घरातून बहुधा विद्यार्थी येत असणार. भूमिहीन मजुराच्या एकुलत्या कर्त्या मुलापर्यंत ही योजना पोहोचणे अवघड होते. शिवाय सुस्थित विद्यार्थी ज्या वेळात वाचत बसे, त्या वेळात गरीब विद्यार्थी कुदळ चालवी, ही विषमता श्रमप्रतिष्ठेच्या गौरवाने पूर्णपणे झाकली जात नाही. भाऊरावांनी ही परिस्थिती निर्माण केलेली नव्हती. उपलब्ध परिस्थितीत त्यांनी मार्ग काढला. परंतु शासनाने व समाजाने स्वावलंबनाचे कौतुक करून आपली जबाबदारी विसरावी, असा त्याचा अर्थ होऊ शकत नाही.

मुलींचा प्रश्न आणि कुरणशाळा

वसतिगृह चळवळीची दुसरी मर्यादा म्हणजे ती प्रामुख्याने मुलांची चळवळ राहिली. मुलीला परगावी ठेवण्यास पालक तयार नसत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलीचे श्रम घराच्या आत होते. पाणी भरणे, चूल पाहणे आणि धाकटी भावंडे सांभाळणे हे काम तिच्यावर असे आणि या कामाला मजुरी नसल्यामुळे त्याची किंमतही कोणी मोजत नसे.

हा प्रश्न ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यात स्पष्टपणे हाताळला गेला. इ.स. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू झाले आणि इ.स. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ ही त्यांची कल्पना होती. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवता आले की मोठी बहीण शेजारच्या वर्गात बसू शकत असे. गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी ‘कुरणशाळा’ चालवल्या. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शिक्षकाने कुरणावर जावे, असा हा विचार होता. वसतिगृहाने मुलाला श्रमाच्या जागेवरून शाळेत आणले, तर कुरणशाळेने शाळा श्रमाच्या जागी नेली. दोहोंच्या मुळाशी दारिद्र्याचे एकच आकलन आहे.

नादारीनंतरचे प्रश्न

इ.स. १९५९ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. ९ मे रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे निधन झाले. त्याच वर्षी यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळाने आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी फीमाफीची योजना आणली. वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना तिचा लाभ मिळाला आणि ‘ई.बी.सी.’ हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. ग्रामीण भागातील पहिली पदवीधर पिढी घडवण्यात या सवलतीचा वाटा मोठा आहे. पूर्वी नादारी ही काही मोजक्या विद्यार्थ्यांवर केलेली मेहेरबानी होती. आता तो नियम झाला. परंतु खर्चाच्या तीन भागांपैकी हा पहिलाच भाग होता.

निर्वाहाच्या व श्रमाच्या खर्चाची दखल शासनाने पुढे तुकड्यातुकड्याने घेतली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी इ.स. १९४४ पासून सुरू झालेल्या भारत सरकार शिष्यवृत्तीत निर्वाहभत्त्याचा समावेश होता. इ.स. १९९२ मध्ये महाराष्ट्राने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींसाठी दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. मुलीच्या घरकामाची किंमत प्रथमच मान्य करणारी ही योजना होती, पण त्या रुपयात ती किंमत भरून निघणे शक्य नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ पासून शालेय पोषण आहार योजना आली. प्रारंभी महाराष्ट्रात नियमित उपस्थितीबद्दल दरमहा तीन किलो तांदूळ दिला जाई. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेत देण्याचे बंधन आले. वर्गाशेजारी शिजणारी खिचडी ही एका अर्थाने साताऱ्याच्या पंगतीचीच पुढची आवृत्ती होय.

तिसऱ्या खर्चाचे आजचे ठळक उदाहरण म्हणजे ऊसतोड कामगारांची मुले. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यांच्या पाठीमागे धाकटी भावंडे, झोपडी आणि बैल सांभाळण्यासाठी मोठे मूल लागतेच. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि त्याच्या ऐन मध्यावर हे मूल गाव सोडते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने फीचा प्रश्न संपवला, पण ऊसतोडीच्या हंगामाचा प्रश्न संपवला नाही. साखरशाळा हा शाळेने श्रमाच्या जागी जाण्याचा प्रयोग होता, तर गावात सुरू झालेली हंगामी वसतिगृहे हा मुलाला मागे ठेवण्याचा. इ.स. २०२१ मध्ये राज्य शासनाने या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. एकशे वीस वर्षांनंतर धोरण पुन्हा व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगच्या दाराशी येऊन पोहोचले, ही बाब अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

उच्च शिक्षणातही हाच अनुभव येतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, निकषांत बसणाऱ्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र खेड्यातून शहरात आलेल्या मुलीला खोलीचे भाडे, खानावळीचा डबा आणि बसचा पास यांचा खर्च चुकलेला नाही. प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थिनीच्या अर्जावर ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिलेले असते. त्या दोन शब्दांत खर्चाचा दुसरा आणि तिसरा भाग दडलेला असू शकतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, दारिद्र्याचा शिक्षणावरील परिणाम केवळ फीच्या रूपाने होत नाही, निर्वाहाचा खर्च आणि बुडालेले श्रम यांचा भार अनेकदा फीपेक्षा अधिक असतो. दुसरा, महाराष्ट्रात गरीब विद्यार्थ्याच्या अन्नाची पारंपरिक व्यवस्था जातीने मर्यादित होती आणि वसतिगृह चळवळीने ती मर्यादा ओलांडली. तिसरा, फुले यांचे निदान, शाहू महाराजांचा राजाश्रय आणि भाऊरावांचे स्वावलंबन हे एकाच विचाराचे तीन टप्पे आहेत. चौथा, या चळवळीत मुलींच्या व भूमिहीनांच्या श्रमाचा प्रश्न अपुरा राहिला आणि तो आजही अपुराच आहे.

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्या वृक्षाच्या विस्ताराचा गौरव समारंभातून नेहमी होतो आणि तो रास्तच आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला हिशेब साधा होता. मुलगा आज कोठे झोपेल, काय खाईल आणि त्याच्यावाचून घरी कोणाचे काम अडेल, हे तीन प्रश्न विचारल्यावरच त्याचे नाव पटावर घेतले जात होते. महाविद्यालयांच्या प्रवेश अर्जांत आज जात, उत्पन्न व गुण यांचे रकाने असतात. या तीन प्रश्नांसाठी मात्र रकाना सहसा नसतो. तो जोवर नाही, तोवर गळतीची कारणे शोधणाऱ्यांना निम्मेच उत्तर सापडत राहील.